हक्क कोणाचा, हिशेब कोणाकडे?

आंतरजालावर कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या नव्या लेखकांकडून गेली काही वर्षे एकच प्रश्न पुनःपुन्हा येतो : लिहिलेले कोठे द्यावे, आणि त्याचे चार पैसे हाती कसे यावेत? आपल्या साहित्यसंस्थांतून या प्रश्नाला मिळणारे उत्तरही ठरलेले आहे. आधी चांगले लिहा, पैशाचे मागाहून पाहू. सरस्वतीच्या दारी हिशेबाची वही नेऊ नये. हे उत्तर देणाऱ्यांपैकी पुष्कळांचे निवृत्तिवेतन दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जमा होत असते, एवढे नोंदवून पुढे जाऊ. आमच्या मते हे उत्तर अपुरे तर आहेच, पण ते अन्यायाचेही आहे. लेखकाने मोबदल्याचा विचार पहिल्या दिवशीच केला पाहिजे. आणि कथा कोठे द्यावी हे ठरवताना वाचकसंख्या व प्रतिष्ठा यांच्याही आधी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. हक्क कोणाकडे राहतो, आणि हिशेब कोण दाखवतो?

हे आम्ही पलसाण्याकडे पाहून लिहीत आहोत. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा हा सुरत जिल्ह्यातला तालुका पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन नकाशावर कोठेच नाही. कडोदऱ्यापासून पलसाण्यापर्यंत कापड रंगविण्याच्या आणि छापण्याच्या मिल उभ्या आहेत. चलथाण आणि गंगाधरा ही स्थानके ज्या तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गावर आहेत, तोच मार्ग पुढे नंदुरबार, अमळनेर, जळगाव असा खानदेशात उतरतो, आणि त्याच मार्गाने गेल्या दोन-तीन पिढ्या खानदेशी माणूस इकडे आला. कोणी यंत्रमागावर, कोणी रंगखात्यात, कोणी चलथाणच्या साखर कारखान्याच्या उसात. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत, पण त्या शहराच्या हद्दीत. पलसाणा त्या हद्दीबाहेर. त्यामुळे येथल्या घरांत अहिराणी किंवा मराठी बोलली जाते, मुलांचा हात मात्र गुजराती लिपीवर अधिक बसतो. पुण्याचा दिवाळी अंक येथे येतो तो कोणी सणाला गावी जाऊन परतताना पिशवीतून आणला तर.

अशा ठिकाणी जो बारा तासांची पाळी करून रात्री मोबाइलवर कथा लिहितो, किंवा जी दुपारभर साड्यांना लेस लावून संध्याकाळी कादंबरीचा पुढचा भाग टंकते, त्यांच्यापुढे 'आंतरजालावर द्यावे की नियतकालिकात' असा पर्यायच नसतो. नियतकालिक त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही. आंतरजाल ही त्यांची निवड नसून एकमेव वाट आहे. प्रश्न उरतो तो त्या वाटेवर कोणत्या दाराशी थांबावे, एवढाच.

येथे एक आक्षेप आडवा येतो, तो लवकर निकालात काढू. आंतरजालावरचे ते साहित्य नव्हे, हप्त्याहप्त्याने लिहिलेली ती करमणूक, असे म्हटले जाते. 'करमणूक' हाच शब्द वापरायचा तर हरि नारायण आपट्यांनी 1890 साली काढलेल्या साप्ताहिकाचे नावच ते होते, आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्याच साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे आली. मराठी कादंबरीचा पाया ज्या कृतीत आपण शोधतो, तिचा पहिला वाचक पुढच्या आठवड्याची वाट पाहणारा वाचक होता. शिवाय आपटे त्या साप्ताहिकाचे संपादकही होते. त्यांचा हप्ता दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर लोंबकळत नव्हता. तरीही त्यांच्या उपजीविकेला पुण्याच्या आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनाचा आधार होता, हेही विसरू नये. हप्त्याने लिहिणे जुनेच आहे. लिहून पोट न भरणे हेही जुनेच आहे, आणि त्याची परंपरा म्हणून पूजा करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

सुरतेला या बाबतीत स्वतःचा एक धडा आहे, आणि तो मराठी वाचकाने जरूर वाचावा. सुरतेत 1833 साली जन्मलेला नर्मद अर्वाचीन गुजरातीचा आद्य कवी आणि गद्यकार. 1858 सालच्या नोव्हेंबरात त्याने मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे केवळ लेखणीवर जगायचे असे ठरवले. वय अवघे पंचवीस. पुढे त्याने कविता लिहिली, निबंध लिहिले, 1864 पासून 'दांडियो' हे पत्र चालवले, आणि एकहाती गुजराती शब्दकोश रचला. त्या कोशाच्या छपाईने तो कर्जात गेला. कीर्तीला तोटा नव्हता. सुधारक म्हणून नाव गुजरातभर झाले होते, शिव्याही भरपूर मिळत होत्या, म्हणजे वाचक होते. तरी 1882 साली, चोवीस वर्षे निभावलेला पण मोडून, त्याला पुन्हा नोकरी धरावी लागली. चार वर्षांनी तो वारला.

ही कथा सांगून लोक सहसा त्यागाचे गुणगान करतात. आम्ही तिच्यातून वेगळे काही वाचतो. नर्मदाजवळ प्रतिभा होती, कष्ट होते, वाचक होते. नव्हती ती वाचकाकडून लेखकापर्यंत पैसा नियमित आणणारी व्यवस्था. छपाईचा खर्च आधी लेखकाचा, विक्रीचा पैसा नंतर आणि तुटपुंजा. मध्ये आश्रयदात्यांच्या मर्जीचे खिंडार. आज ती व्यवस्था अर्धीमुर्धी का होईना, निर्माण झाली आहे. पलसाण्यातल्या खोलीत बसून लिहिलेला भाग त्याच रात्री नाशकात किंवा नेवार्कात वाचला जातो, आणि वाचकाने भरलेला रुपया मोजता येतो. नर्मदाला जे मिळाले नाही ते दाराशी आले असताना 'पैशाचे मागाहून पाहू' म्हणणे हा साधेपणा नव्हे.

मात्र ही व्यवस्था परोपकारासाठी उभी राहिलेली नाही. तिच्या अटी वाचल्या पाहिजेत. 2016 सालच्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर हिंदी, गुजराती, तमीळ, मल्याळम यांच्या जोडीने मराठी पुस्तके आली आणि लेखकाला स्वतःचे पुस्तक स्वतः प्रसिद्ध करण्याची सोय मराठीतही झाली. तेथे लेखकाला विक्रीच्या किमतीवर 35 किंवा 70 टक्के स्वामित्वधन मिळते. छापील पुस्तकावर 10 टक्के मिळाले तरी धन्य मानणाऱ्या मराठी लेखकाचे डोळे 70 हा आकडा पाहून दिपतात. पण भारतातल्या विक्रीवर हे 70 टक्के हवे असतील तर पुस्तक 'सिलेक्ट' नावाच्या योजनेत घालावे लागते, आणि त्या योजनेत घातले की 90 दिवस त्या पुस्तकाचा अंकीय मजकूर अन्यत्र कोठेही, अगदी फुकटसुद्धा, ठेवता येत नाही. फार तर नमुन्यादाखल दहावा हिस्सा. मुदत संपली की लेखकाने नको म्हटल्याखेरीज ती आपोआप पुढे चालू राहते. वर्गणीदार वाचकांनी वाचलेल्या पानांप्रमाणे काही रक्कम मिळते, पण दर पानाचा भाव महिन्यागणिक बदलतो आणि तो लेखकाला आधी कळत नाही. कागदी पुस्तक आणि ध्वनिपुस्तक यांना मात्र हे एकनिष्ठेचे बंधन नाही, ही बाब फार थोड्यांच्या लक्षात येते.

आता जो लेखक आपली कादंबरी आधीच एखाद्या मालिकांच्या अ‍ॅपवर भागाभागाने खुली ठेवून बसला आहे, तो ती काढून न घेता 'सिलेक्ट'मध्ये घालतो तेव्हा तो करार मोडत असतो. पुस्तक काढून टाकले जाते, क्वचित खातेही बंद होते. दोष कोणाचा, यावर मग वाद. दोन्हीकडच्या अटी कोणी वाचलेल्याच नसतात.

मालिकांची अ‍ॅप हे दुसरे दार. 2014 साली बंगळुरूत सुरू झालेले 'प्रतिलिपी', अहमदाबादेहून चालणारे 'मातृभारती' यांनी मराठीला जागा दिली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे; पुण्याच्या कोणत्याही प्रकाशनगृहापेक्षा त्यांनी खानदेशी आणि मराठवाडी लेखिकांना अधिक वाचक मिळवून दिले, असे आमचे मत आहे. अशा अ‍ॅपवर पैसा येतो तो वाचकाच्या वर्गणीतून, किंवा कुलूपबंद भाग उघडण्यासाठी त्याने खर्चलेल्या नाण्यांतून. म्हणजे जितके भाग अधिक तितकी मिळकत अधिक. तीन पानांच्या उत्तम कथेला येथे जवळजवळ काहीच नाही; दोनशे भागांच्या मालिकेला बरेच काही आहे. म्हणूनच कोट्यधीश नायक, करारावर झालेले लग्न आणि सासूचे कारस्थान यांची रांग संपत नाही. कडोदऱ्याच्या चाळीत राहणारी लेखिका मलबार हिलच्या बंगल्यातले प्रसंग लिहिते आणि ज्या साडीला ती दिवसभर लेस लावते ती साडी तिच्या कादंबरीत येत नाही. याचे आम्हांला दुःख आहे. पण यावरचा उपाय म्हणून तिने फुकट लिहावे, असे सुचवणाऱ्यांनी आधी ती साडी फुकट भरून देणारी कोणी शोधून दाखवावी.

फुकटाचे दार तिसरे, आणि ते आपल्याकडे सर्वांत जास्त पूज्य. कर्तव्यबुद्धीने मराठी ई-पुस्तके विनामूल्य वाटणाऱ्या मंडळींबद्दल आम्हांला आदर आहे. परगावच्या वाचकांवर त्यांचे उपकार आहेत. तथापि ज्याला द्यायचे आहे त्याने जाणून द्यावे. प्रताधिकार हातात ठेवून, अमुक काळासाठी, अमुक स्वरूपात विनामूल्य देणे हे दान. काय दिले हेच ठाऊक नसताना देणे याला दान म्हणत नाहीत. शिवाय एकदा सर्वत्र फुकट पसरलेली कादंबरी पुढे विकत घेणारा प्रकाशक मिळणे कठीण जाते.

चौथे दार आवाजाचे. 'स्टोरीटेल' ही स्वीडनची कंपनी 2017 साली भारतात आली तेव्हापासून मराठी ध्वनिपुस्तकांना बाजार आहे. पलसाण्यासारख्या ठिकाणी आम्ही या दाराला सर्वांत महत्त्वाचे मानतो, आणि त्याचे कारण वर येऊन गेले आहे. येथला तरुण मराठी समजतो, हसतो, रडतो, पण मराठी मजकुराची पाच पाने सलग वाचताना थकतो. तो ऐकेल. पाळी सुटल्यावर खोलीवर, रिक्षात, गावी जाणाऱ्या गाडीत ऐकेल. अहिराणी संवाद तर वाचण्यापेक्षा ऐकण्यातच खुलतात. म्हणजे येथल्या लेखकाचा सर्वांत मोलाचा हक्क वाचनाचा नाही, श्रवणाचा आहे. आणि नेमका तोच हक्क तो पहिल्याच अटीपत्राखाली 'मान्य' असे दाबून देऊन टाकतो. यूट्यूबवर लेखकाचे नावही न घेता कथा वाचून दाखवणारे तर परवानगीची पायरीही चढत नाहीत. तसेच गुजराती भाषांतराचे. ज्याच्या शेजारी दोन्ही भाषा जाणणारा वाचक बसला आहे, त्या लेखकाने भाषांतराचा हक्क मूळ कथेबरोबर फुकटात का बांधून द्यावा?

या सर्व दारांशी बोलण्यासाठी लागणारी भाषा पलसाण्याला नवी नाही. येथल्या मिल बहुतांशी जॉबवर चालतात. सुरतेचा व्यापारी कोरे कापड, ज्याला येथे ग्रे म्हणतात, ते चलानासह मिलमध्ये पाठवतो. मिल ते रंगवते, छापते आणि मीटरमागे आपला आकार घेते. ताके कोणाचे? व्यापाऱ्याचे. रंग मिलचा, यंत्र मिलचे, वीज मिलची, म्हणून कापड मिलचे होत नाही. किती ताके आत गेले, किती मीटर बाहेर आले, घट किती, याचा हिशेब लेखी असतो. हाच न्याय कथेला लावा. अ‍ॅप, किंडल, प्रकाशक, ध्वनिकंपनी या सगळ्या छापणाऱ्या मिल आहेत. त्यांनी आपला आकार जरूर घ्यावा. कापड आमचे.

कायदाही लेखकाच्या विरोधात नाही. 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे कलम 19 स्पष्ट सांगते की हक्काचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीसह हवे. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे नमूद असले पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, आणि करारात वेगळे काही म्हटले नसेल, तर तो लेखकाकडे परत येतो. 2012 च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले : करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचा हक्क करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज दिला गेला असे मानता येत नाही. परवान्यांनाही कलम 30-अ अन्वये हेच नियम लागू होतात. ही सारी संरक्षणे करार मुका असेल तेथे बोलतात. अटीपत्रात 'कायमस्वरूपी', 'जगभर', 'सर्व माध्यमांत' असे शब्द लिहिलेले असतील तर मुदत आणि प्रदेश यांविषयीचे कायद्याचे मौन लेखकाच्या कामी येत नाही. म्हणून ते तीन शब्द शोधावेत. इंग्रजी अटी वाचता येत नसतील तर वाचता येणाऱ्याकडे न्याव्यात; मिलमधल्या हिशेबनिसाला दोन पाने वाचायला लागणारा वेळ एका चहाचा.

चोरीवरही इलाज आहे. 2013 च्या प्रताधिकार नियमांतील नियम 75 प्रमाणे, चोरलेला मजकूर साठवणाऱ्या संकेतस्थळाकडे लेखकाने रीतसर लेखी तक्रार केली तर 36 तासांच्या आत तो मजकूर लोकांपासून दूर करण्याची पावले त्याला उचलावी लागतात. पुढे 21 दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो मजकूर पुन्हा वर येऊ शकतो, ही त्यातली गोम. प्रताधिकार मिळण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पुराव्यासाठी करायची तर साहित्यकृतीला नोंदणीशुल्क 500 रुपये आहे. मोठ्या कादंबरीसाठी ते खर्चावेत, दर आठवड्याच्या भागासाठी नव्हे.

मग कोठे द्यावे? आमचे उत्तर क्रमाचे आहे. मालिका प्रथम अशा अ‍ॅपवर द्यावी जेथे हक्क लेखकाकडे राहतो आणि मजकूर केव्हाही काढून घेता येतो. तेथे वाचक मिळतो आणि आपल्या लेखनाचे कोठे सैल पडते तेही कळते. मालिका पुरी झाली की ती काढून, कापून, सुधारून पुस्तक करावे. दोनशे भागांतले ऐंशी फेकून देण्याची तयारी हवी. मग ते किंडलवर द्यायचे तर 90 दिवसांची एकनिष्ठा जाणूनबुजून पत्करावी आणि मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात मांडून ठेवावी. आवाजाचा आणि भाषांतराचा हक्क या दोन्ही वेळी बाहेर ठेवावा व स्वतंत्र करारानेच द्यावा. आणि एकाच दुकानात सारा माल कधीही ठेवू नये. अ‍ॅमेझॉनने 2021 साली अमेरिकेत 'किंडल व्हेला' नावाने मालिकांचे दालन उघडले आणि 2025 सालच्या फेब्रुवारीत बंद केले. त्याच कंपनीने भारतातले वेस्टलँड हे प्रकाशनगृह 2022 साली बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा नामवंत इंग्रजी लेखकांची पुस्तकेसुद्धा काही आठवडे अधांतरी होती. पुढे प्रतिलिपीने ते नाव आणि ती मंडळी आपल्याकडे घेतली. ज्यांचे करार धड होते त्यांना आपले हक्क मागता आले. मूळ मजकूर युनिकोडमध्ये स्वतःजवळ ठेवणे हा या सगळ्याचा पहिला नियम. केवळ अ‍ॅपच्या पोटात टंकलेली कादंबरी लेखकाच्या मालकीची असूनही त्याच्या हाती नसते.

आता साहित्यसंस्थांकडे वळणे भाग आहे, कारण कंपन्यांना नावे ठेवणे सोपे असते. दिवाळी अंकासाठी कथा मागवणारी पत्रे येतात त्यांत शब्दमर्यादा असते, अंतिम तारीख असते, मानधनाचा उल्लेख नसतो. नवोदितांच्या कथासंग्रहासाठी लेखकाकडूनच छपाईखर्च घेण्याची प्रथा रूढ झाली आहे आणि तिला 'सहभाग' असे गोड नाव आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्याच भाषेत लिहिणाऱ्याला कथेमागे किती द्यावेत यावर मात्र एकाही व्यासपीठावर चर्चा ऐकू आली नाही. अ‍ॅप निदान कुलूपबंद भागाचे काही पैसे देते, आणि आकडा पडद्यावर दिसतो. संस्था शाल देते. या तुलनेत नवा लेखक अ‍ॅपकडे गेला तर त्याला बाजारू म्हणण्याचा अधिकार संस्थांना कोठून येतो, हे कोणी आम्हांस समजावून सांगावे.

बृहन्महाराष्ट्रातल्या संस्थांवर तर ही जबाबदारी अधिक आहे. बडोद्यात 2018 साली साहित्य संमेलन झाले, गुजरातेतल्या मराठीपणाचा गौरव झाला. तो बव्हंशी सयाजीरावांच्या बडोद्याचा गौरव होता. सुरतेच्या परिसरात मिलमधून आणि मागावरून आलेली मराठी त्या मांडवात फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. तिला सत्कार नकोही आहे. तिला अटीपत्र वाचून दाखवणारा माणूस हवा आहे.

म्हणून या पत्रिकेकडेच आमच्या दोन मागण्या आहेत. पुढील अंकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस लेखकाचे कोरे चलान छापावे : कृतीचे नाव, कोणाला दिली, कोणते हक्क दिले, कोणते राखले, किती मुदतीसाठी, रक्कम किती आणि ती कोणत्या तारखेला मिळावयाची. ते मराठीत आणि गुजरातीत, दोन्ही लिप्यांत असावे, म्हणजे कडोदऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून कोणालाही त्याच्या प्रती काढून घेता येतील. दुसरी मागणी अशी की या पत्रिकेत छापलेल्या प्रत्येक कथेला, भले दोनशे रुपये असोत, ठरलेले मानधन असावे, आणि ते अंक टपालात पडण्यापूर्वी लेखकाच्या खात्यात जमा व्हावे.